दवाखान्याच्या गाडीतली दिवाळी

रेहेकुरीच्या माळाला आता फाटक आहे. तिकीट काढून आत जावं लागतं. फाटकाशेजारच्या पाटीवर काळवीट रंगवलंय, त्याचे डोळे माणसासारखे झालेत. वाटेच्या दोन्ही कडांना चुना मारलेले दगड आहेत. वनखात्याच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, "आजी, लांब जाऊ नका, ऊन चढतंय," एवढं सांगितलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

ओळखीचं काहीच दिसेना. उगाच आले असं वाटायला लागलं. मग वारा फिरला आणि गवताचा वास आला. वाळायला लागलेल्या गवताचा तो वास, थोडा गोडसर, थोडा धुळीचा, तव्यावर तीळ टाकल्यावर येतो त्याच्या जवळ जाणारा. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, पण त्यात काडीचा फरक नव्हता. मी एका हिवराच्या झाडाखाली बसले. पातळाच्या काठात कुसळं अडकली होती, ती एकेक काढत बसले आणि एकाहत्तर सालची दिवाळीची सुट्टी आपोआप पुढ्यात आली.

आम्ही तिघी. मी, रूथ आणि कमल. नगरच्या अध्यापिका विद्यालयात आमची गट्टी जमली. रूथचं घर गावातच होतं, तरी ती सदानकदा आमच्या वसतिगृहाच्या खोलीत. तिचं हसणं खालच्या अंगणात ऐकू जायचं आणि हळू हसा म्हणून वसतिगृहाच्या बाईंचा निरोप यायचा. कमल मिरजगावची, शेतकऱ्याच्या घरातली. अक्षर मोत्यासारखं, आणि वर्गात गोष्ट सांगायला उभी राहिली की परीक्षा घ्यायला आलेले साहेबसुद्धा पेन खाली ठेवायचे. मागच्या बाकावर बसून आम्ही ठरवायचो की नोकरी लागली की वाघाचं जंगल बघायला जायचं. तिघींनीच. कसं जायचं, कोण जाऊ देणार, हे विचारायचं नाही, असा नियम होता.

मला आणि रूथला नोकरी लागली. कमलचं लग्न झालं.

गाडी रूथच्या वडिलांची. त्यांना आम्ही काका म्हणत असू. कितीतरी वर्षं त्यांनी एका फिरत्या दवाखान्याची गाडी चालवली होती. दवाखाना फिरायचा थांबला, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडली आणि काकांना ते बघवेना. त्यांनी ती चक्क घरी आणली. गल्ली हसली. काकांनी मनावर घेतलं नाही. रोगी झोपवायच्या दोन लाकडी फळ्या होत्या, त्यांवर गाद्या आल्या. औषधांच्या कपाटात डाळ-तांदूळ, चहा-साखर. बाटली अडकवायच्या हुकाला कंदील. खिडक्यांना रूथच्या आईच्या जुन्या पातळांचे पडदे. सगळं झालं, पण टिंक्चरचा वास काही गेला नाही. त्या दिवाळीचा आमचा चिवडासुद्धा टिंक्चरच्या वासाचा होता, करंज्यासुद्धा.

"चांद्याकडचं वाघाचं जंगल हिच्या आवाक्यातलं न्हाई," काका म्हणाले. "लई लांब. आपल्या जिल्ह्याचं जंगल बघू."

"आपल्या जिल्ह्याला जंगल आहे?" मी विचारलं.

"हाय की. उगवतीला बिनझाडाचं हाय, मावळतीला झाडाचं. दोन्ही दावतो."

काका सोबत म्हणून माझ्या घरून होकार आला. रूथच्या घरी प्रश्नच नव्हता. राहिली कमल. ती दिवाळीला माहेरी आली होती, आणि रूथ म्हणाली, तिला घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही.

मिरजगावात आम्ही पोचलो तेव्हा कमल ओसरीवर ज्वारी निवडत होती. तिनं वर बघितलं आणि मला ती ओळखूच आली नाही. चेहरा तोच, पण दिवा मालवलेल्या खोलीसारखा. उकाडा होता तरी हातभर बाह्यांचं पोलकं. रूथनं तिला मिठी मारली तर ती आखडून उभी राहिली. काय झालंय ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. ते पोलकं बघितल्यावर विचारायचं तरी काय?

तिचे वडील गाडीकडं बघून नाक मुरडत होते. तिची आई, तिला मी मावशी म्हणायचे, मला हात धरून चुलीपाशी घेऊन गेली.

"घिऊन जा बाई तिला. चार दिस हवा लागू दे अंगाला. तुळशीचं लगीन झालं का न्यायला येनार हायेत."

"मावशी, तिला जायचंय का परत?"

मावशी चुलीत लाकूड सारत राहिली. "तिला कोन इचारतंय," ती म्हणाली, आणि धुराचं निमित्त करून तिनं डोळे पुसले.

तर अशी आमची सहल निघाली. तुळशीच्या लग्नाआधी परत आणायच्या बोलीवर.

त्या संध्याकाळी काकांनी गाडी याच माळावर आणून उभी केली. तेव्हा फाटक नव्हतं, पाटी नव्हती, अभयारण्य हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. नुसता माळ. नजर टाकावी तिकडं गवत, मधेच एखादी बाभळ, एखादा हिवर. सूर्य टेकला की सगळा माळ तांबूस व्हायचा आणि वाऱ्यानं त्याच्यावर लाटा उठायच्या. टिटवी ओरडत जायची. चंडोल वर, वर, दिसेनासा होईतो जायचा आणि त्याचं गाणं तेवढं खाली गळत राहायचं. रूथनं स्टोव्ह पेटवला. रॉकेलचा वास, खिचडीचा वास, आणि अर्थात टिंक्चर.

खिचडी शिजायच्या आत एक धनगर आला. पायाला चिंधी बांधलेली.

"दवाखाना आला व्हय?"

"दवाखाना न्हाई बाबा," काका ओशाळून म्हणाले. "नुसती गाडी हाय. ह्या पोरी हवा खायला आल्यात."

"हवा?" त्यानं माळाकडं बघितलं. "हितं काय कमी हाय व्हय हवा?" असं म्हणून तो खाली बसला. काकांनी त्याला चहा दिला, करंजी दिली आणि त्याच्या पायाची चिंधी सोडून स्वच्छ फडकं बांधलं. सगळ्या प्रवासात हेच झालं. गाडी थांबली की कुणीतरी खोकत यायचं, कुणी डोळे पुसत यायचं. ती गाडी लोक विसरले नव्हते.

पहाटे काकांनी आम्हाला उठवलं. गवतावर दव होतं, पातळांच्या कडा ओल्या झाल्या. "हलू नगा," ते कुजबुजले. उजाडलं तसे गवतात काळे ठिपके दिसायला लागले आणि ठिपक्यांची काळविटं झाली. काळीभोर पाठ, पांढरंशुभ्र पोट, पीळ घातलेली शिंगं. त्यांच्यामागं तांबूस माद्या. अचानक एकानं उडी घेतली, काही कारण नसताना, नुसती सरळ वर. मग दुसऱ्यानं. सगळा कळप चेंडूसारखा उसळत गेला. खुरांचा आवाज म्हणावा तर नाहीच.

एक मादी मात्र गेली नाही. लांब उभी राहून इकडं तिकडं बघत राहिली.

"तिचं पाडस गवतात निजिवलंय तिनं," काका म्हणाले. "ती लांब उभी ऱ्हाती. लांडगा आला तर तिच्याकडं बघंल, पाडसाकडं न्हाई."

कमल कालपासून हो-नाहीच्या पलीकडं बोलली नव्हती. ती गवतात उकिडवी बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट.

"आणि तिला कोण लपवतं?" ती म्हणाली.

काका टोपी काढून उगाच झटकत राहिले.

मग आम्ही मावळतीकडं निघालो. नगर मागं टाकून संगमनेर. प्रवरेच्या पुलावर काकांनी गाडी उभी केली आणि इंजिनाला पाणी पाजलं. बाजारात रूथनं काचेच्या बांगड्या घेतल्या, तिघींना सारख्या. कमलनं भरून घेताना डोळे मिटले. बांगडीवाल्या बाईनं तिच्या मनगटाकडं बघितलं आणि मोठ्या मापाच्या काढून अगदी हळूहळू चढवल्या.

अकोले गेलं, राजूर गेलं. वास बदलत गेले ते मला रस्त्यापेक्षा जास्त लक्षात आहेत. आधी उसाच्या पाल्याचा, मग भिजलेल्या दगडाचा, मग पिकलेल्या भाताचा. आंबेमोहोर तयार होता. खाचरांच्या मागं डोंगर एकावर एक उभे, शेवटचे निळे. चढावर गाडी तापायची, काका तिला बोलायचे, "चल गं माझी बाय, म्हातारी झालीस म्हून काय झालं," आणि आम्ही उतरून मागून ढकलायचो. एका वळणावर ढकलता ढकलता रूथचा पाय घसरला आणि ती चिखलात बसकण मारून हसायला लागली. तेव्हा कमल हसली. आवाज न करता, पण हसली.

रस्ता जिथं संपला तिथं एक वाडी होती. कुडाची घरं, शेणानं सारवलेली, वेलींनी झाकलेली. वाडीच्या वर जंगल सुरू होत होतं. काकांनी गाडी एका जांभळाखाली लावली. घटकाभरात सगळी वाडी भोवती जमली, कारण दवाखाना आला होता. काकांनी पुन्हा तेच सांगितलं. लोक पांगेनात. एका पोरीचा पाय काट्यानं सुजला होता. तिची आजी, हौसाबाई तिचं नाव, नुसती बघत उभी राहिली. तिची नजर आमच्यावर नव्हती, कमलवर होती.

कमल उठली. तिनं स्टोव्हवर पाणी तापवलं, मीठ घातलं, पोरीला गाडीच्या पायरीवर बसवलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. पोर रडायला लागली तशी कमलनं गोष्ट सुरू केली. एका चिमणीची, जिला पावसात घर सापडत नव्हतं. तो आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते! काटा निघाला, गोष्ट संपली नाही. बाकीची पोरं एकेक करून सरकत गाडीपाशी आली. अंधार पडेपर्यंत कमल सांगत होती आणि पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. मी आणि रूथ भांडी घासायच्या निमित्तानं ओढ्यावर गेलो आणि तिथूनच तिचा आवाज ऐकत बसलो.

पुढचे दिवस म्हणजे धुकं, ओली पानं आणि हिरड्याच्या झाडांखालचा तुरट वास. काका आम्हाला डोंगरात घेऊन जायचे. एकदा शेकरू दिसलं, तांबडं, लांब शेपटीचं, या झाडावरून त्या झाडावर पसरल्यासारखं झेप घेणारं. रूथ ओरडली, "कमल, बघ!" पण कमल नव्हती. ती आता आमच्याबरोबर यायचीच नाही. वाडीच्या टोकाला शाळेची एक खोली होती, कौलं सरकलेली. गुरुजी पावसाळ्याआधी गेले ते परत आलेच नव्हते. कमलनं ती खोली उघडवली, झाडली, बायकांच्या बरोबरीनं सारवली. आम्ही जंगलातून परत यायचो तेव्हा लांबूनच पोरांचा एकसुरी आवाज ऐकू यायचा. बाराखडी. त्या डोंगरात बाराखडी पाखरांसारखी वाटायची. एके दिवशी मी बघितलं तर कमलनं पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या आणि ती फळ्यावर लिहीत होती. हातावरचे डाग सगळ्यांना दिसत होते. तिला त्याचं भान नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळं आवरलं. काकांनी गाडीपुढं टोपी काढून रोजची प्रार्थना म्हटली. कमल जांभळाखाली उभी होती, हातात पिशवी नव्हती.

"चल ना," रूथ म्हणाली.

"मी राहते."

"राहते म्हणजे?"

"राहते म्हणजे राहते. हौसाबाई घर द्यायला तयार आहे. माझ्याकडं प्रमाणपत्र आहे. शाळेला माणूस नाही. तुम्ही तालुक्याला जाऊन अर्ज द्या."

"कमल, वेडी आहेस का?" माझा आवाज चढला. "असं कुणी राहतं का? आम्ही तुझ्या आईला काय सांगू?"

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर दिवा पुन्हा लागला होता. "सांग," ती म्हणाली, "कमल शाळेत गेली म्हणून."

हौसाबाई पुढं झाली. "पोरी, काळजी नगं. माझी लेक म्हून ऱ्हाईल. कोन आलं तर माझ्या दारातून आत येईल, दुसरी वाट न्हाई हितं."

आम्ही दोघी काकांकडं बघायला लागलो. मोठं माणूस तेच. ते नाही म्हणतील, समजावतील, ओरडतील, असं वाटलं. काका गाडीत चढले, पाना काढला आणि उजवीकडच्या फळीचे बोल्ट सोडायला लागले. गंजलेले होते, वेळ लागला. मग त्यांनी ती फळी खाली ओढली, दोन माणसांना हाक मारली आणि ती गादीसकट हौसाबाईच्या घरात नेऊन चार दगडांवर टेकवली. स्टोव्ह ठेवला, कंदील ठेवला, चहा-साखरेचे डबे ठेवले.

"खाली झोपू नगस," ते तिला म्हणाले. "वल असती हितं."

कमल त्यांच्या पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

परतीच्या वाटेवर गाडी हलकी झाली होती आणि जास्तच खडखडत होती. राजूर, अकोले, संगमनेर, एकेक गाव मागं पडलं. नगर ओलांडल्यावर काका म्हणाले, "सांगायचं माज्याकडं लागलं. तुमी पोरी गप ऱ्हावा."

मिरजगावात तुळशीवृंदावन रंगवलेलं होतं. आणि ओसरीवर पाहुणे बसले होते. कमलचा नवरा, त्याचा थोरला भाऊ, पितळेच्या पेल्यात चहा. ठरल्या दिवसाच्या आधीच आले होते. कमलचे वडील उठून गाडीपाशी आले, आत डोकावले, रिकामी जागा बघितली.

"पोरगी कुठंय?"

"शाळेवर हाय," काका म्हणाले. "मास्तरीण झाली. डोंगरात. ती आता येनार न्हाई."

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. शिव्या झाल्या. कुणाची जात काढली गेली, कुणाचा धर्म. नवऱ्याचा भाऊ काकांच्या अंगावर धावून आला. काका जागचे हलले नाहीत, उंच माणूस, हात मागं बांधून उभे राहिले. रूथनं माझं मनगट इतकं दाबून धरलं होतं की माझी एक बांगडी पिचली.

त्या सगळ्या आवाजात मावशी दारात आली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. सरळ माझ्याजवळ आली.

"तिकडं थंडी लई आसंल न्हाई?"

"हो मावशी."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा खांद्यावर वाकळ होती, जाड, जुन्या लुगड्यांची, तिनंच शिवलेली. नवऱ्यासमोरून, जावयासमोरून, सगळ्या पाहुण्यांसमोरून ती चालत गाडीपाशी गेली आणि वाकळ रिकाम्या जागेवर ठेवली. नीट घडी केली. वरून हात फिरवला.



ती वाकळ आम्ही नाताळच्या सुट्टीत वाडीवर पोचवली. अर्जाचं काम रूथनं मागं लागून करून घेतलं. कमलच्या वडिलांनी बरेच दिवस तिचं नाव घेतलं नाही. तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तसं रीतसर कळवलंसुद्धा, आणि तो विषय संपला.

आणि मग बहात्तरचा तो दुष्काळ आला. आमच्या उगवतीकडच्या माळावर गवताची काडी उरली नाही. विहिरींचे तळ दिसले. सगळीकडं खडी फोडायची कामं निघाली. काळविटं पाण्याच्या वासानं गावापर्यंत यायची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. त्या उन्हाळ्यात आम्ही वाडीवर गेलो तेव्हा हौसाबाईच्या दारात नऊवारी नेसलेली एक ओळखीची बाई नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत बसली होती. मावशी. गुरांना दावणीत चारा टाकता येईना म्हणून ती विकली, घरातली माणसं कामावर पांगली, आणि ती एकटी एसटी बदलत बदलत लेकीकडं आली होती. कुणाला विचारलं नव्हतं.

"मावशी, कसं वाटतंय इथं?" रूथनं विचारलं.

"भाकर जमंना झालीय," ती म्हणाली. "नागलीचं पीठ हाताला कळत न्हाई. पन पोरीचा आवाज ऐकू येतो दिसभर." शाळेतून आवाज येतच होता. ती सूप थांबवून ऐकत राहिली. "ल्हानपनी आशीच बडबडायची. म्या गप कर म्हनायची."

पाऊस पडेपर्यंत ती राहिली. नंतरही दर वर्षी येत राहिली.

काका जाऊन खूप वर्षं झाली. गाडीचं काय झालं ते नीट आठवत नाही, पत्रा कुणी नेला, चाकं कुणी नेली. रूथ गेली त्याला तीन पावसाळे झाले. ती असती तर आज या चुना मारलेल्या दगडांना बघून हसली असती, आणि तो वनखात्याचा माणूस दचकून उठला असता.

ऊन चढलं. लांब गवतात काहीतरी हललं, काळवीट असेल, माझी नजर आता तेवढी पोचत नाही. मी उठले आणि फाटकाशी येऊन कमलला फोन लावला. ती निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण राहते तिथंच, त्याच वाडीत. आता तिथं पक्का रस्ता आहे. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरींच्या नाती शाळेत जातात.

"उद्या येतेय गं," मी म्हटलं. "इकडून काय आणू?"

"ज्वारी आण. आपल्याकडची, टपोरी. इथं काही केल्या तशी मिळत नाही." मागं कुठंतरी पोरांचा गलका ऐकू येत होता. "आणि ऐक, या खेपेला भेटायला येऊ नकोस."

"मग?"

"राहायला ये."